एकेरी पूल

पूल समोर होता. लोखंडी, अरुंद, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर असे एकेरी पूल बरेच लागतात. अलीकडे पाटी असते. ज्याच्या बाजूचा बाण लाल, त्यानं थांबायचं आणि समोरच्याला येऊ द्यायचं. लाल बाण माझ्या बाजूचा होता. पलीकडून पिवळी जाकिटं घातलेले दोन सायकलवाले पुलावर चढत होते. त्यांना येऊ द्यावं म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचं मी मनात आणलं.

त्यानंतर पूल आरशात होता.

मधलं काही नव्हतं. डुलकी लागली असती तर मान पडली असती, दचकून जाग आली असती. तसलं काही झालं नाही. पाय पेडलवर होता, हात स्टिअरिंगवर होते, गाडी आपल्या बाजूनं नीट चालली होती. फक्त पूल पुढं असायला हवा होता तो मागं गेला होता आणि मी तो ओलांडलेला नव्हता. बाजूच्या आरशात पुलाचं टोक लहान लहान होत होतं. तिथं एक सायकल आडवी पडलेली दिसली. एक जण कठड्याला टेकून उभा होता, दुसऱ्यानं हात वर केला होता. तो हात रागानं वर होता की आणखी कशानं, ते कळायच्या आत वळण आलं.

माझी बायको त्रिशला शेजारी बसली होती. मी हळूच तिच्याकडं बघितलं. ती सरळ समोर बघत होती. तिचा सीटबेल्ट सुटलेला होता.

"पट्टा लाव," मी म्हणालो. "कितीदा सांगायचं?"

तिनं पट्टा लावला. पहिल्या खेपेला तो खाचेत बसला नाही, दुसऱ्या खेपेलाही नाही. मी ते बघितलं, पण मला माझंच एवढं झालं होतं की तिच्या हाताला काय झालंय हे विचारायचं सुचलं नाही. हिला काही कळलेलं दिसत नाही, एवढंच मला वाटलं आणि बरंही वाटलं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा होतो. सांगलीत माझं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. आरवाडे मोटार ट्रेनिंग स्कूल म्हटलं की कुणीही रस्ता दाखवायचं. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली. बापाला शिकवली, मग त्याच्या पोराला शिकवली, मग सुनेला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं या देशात आलो होतो आणि बारा दिवसांसाठी कॅम्परव्हॅन घेतली होती. मागं पलंग, शेगडी, बेसिन, इवलासा संडास. सात मीटर लांबीचं चालतं घरच. रस्त्याची बाजू आपलीच, डावी. पहिल्या दिवशी मी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, चारी टायर बघितले आणि त्रिशलाला म्हणालो की क्लच नसलेली ही गाडी म्हणजे खेळणं आहे.

तो दिवस सहलीचा शेवटचा होता. सकाळी हिमनदीजवळच्या तळावर आम्ही आवराआवर केली. पांघरुणं घडी करून ठेवली, शेगडी पुसली, उरलेले तांदूळ, चटणी आणि भडंगाचं अर्धं पाकीट तळावरच्या सामायिक फडताळात ठेवून दिलं. चार वाजेपर्यंत ख्राइस्टचर्चला गाडी परत करायची होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमान होतं. मधे पावणेचारशे किलोमीटर आणि एक मोठा घाट. साडेनऊला निघालो. पाऊणएक तासावर हारीहारी नावाचं गाव आहे. ते नाव नकाशात बघून आम्ही आदल्या दिवशी हसलो होतो. त्या गावाच्या अलीकडं तो पूल लागला.

आणि पुलाच्या आधी, अर्धा-एक मिनिट, मला वास आला होता. काहिलीच्या तळाला गूळ लागला की गुऱ्हाळावर जो करपट गोड वास सुटतो, अगदी तो. माझं बालपण उसाच्या रानात गेलंय, तो वास ओळखायला मी चुकणार नाही. मी त्रिशलाला शेगडी बघायला सांगितलं होतं. शेगडी बंद आहे, मला कसला वास येत नाही, असं ती म्हणाली होती. आता आठवायला लागलो तसं ध्यानात आलं की हा वास या महिनाभरात मला आधीही आला होता. ऑफिसात एकदा, घरी एक-दोनदा. दर वेळी मी शेजारच्यांच्या स्वयंपाकघरावर ढकलला होता.

हारीहारी गेलं. त्रिशला म्हणाली, जरा थांबू या, चहा घेऊ. मी म्हटलं, पुढं. दहा मिनिटांनी म्हणाली, पोटात ढवळतंय, गाडी बाजूला घ्या. मी म्हटलं, वळणं संपली की बरं वाटेल. होकिटिका नावाचं बऱ्यापैकी मोठं गाव लागलं. तिथं समुद्र बघू म्हणाली, बाथरूमला जायचंय म्हणाली. बाथरूम मागंच आहे की, असं मी म्हणालो. तिनं उजवा हात पुढं डॅशबोर्डवर ठेवला होता, तो काढला नाही.

मी का थांबलो नाही? थांबलो तर ती विचारेल आणि विचारलं तर मला सांगावं लागेल, हे एक. दुसरं खरं कारण वेगळं होतं. एकदा खाली उतरलो तर पुन्हा स्टिअरिंगवर बसायची हिंमत होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि मी बसलो नाही तर कोण बसणार? त्रिशलाला परवाना मीच काढून दिला होता, वीस वर्षांपूर्वी. पण ती गाडी घेऊन निघाली की मी शेजारी बसायचो आणि दर चौकात चुका काढायचो. वर्षभरात तिनं चावी हातात घ्यायची बंद केली. ते मला सोयीचंच पडलं होतं.

मग मी स्वतःला तपासायला लागलो. रस्त्याकडेच्या पांढऱ्या खुंट्या मोजल्या. शंभर झाल्या की पुन्हा एकपासून. एखादी गाळली का, मधे तुकडा पडला का, असं बघत होतो. मग पाटी दिसेल ती मोठ्यानं वाचायला लागलो. मग एकोणतीसचा पाढा म्हटला. शाळेत मास्तरांनी छडी मारून पाठ करून घेतला होता, तो आता तोंडातल्या तोंडात पुटपुटत चाललो होतो. तळहाताला इतका घाम की स्टिअरिंग निसटत होतं. समोरून लाकडाचे ओंडके भरलेला मोठा ट्रक आला की मला वाटायचं, आता. आता जर ते झालं तर. ट्रक सर्रकन शेजारून जायचा, गाडी हलायची आणि मी पुन्हा खुंट्या मोजायला लागायचो. लोकांना मी नेहमी सांगत आलो की भीती वाटली तर भीतीकडं बघू नका, रस्त्याकडं बघा. पण मला रस्त्याची भीती वाटतच नव्हती. मी कधी नसेन, त्याची वाटत होती.

कुमाराच्या फाट्यावरून आम्ही समुद्र सोडून आत वळलो. डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले. झाडी गच्च, ओली, उन्हाचा पत्ता नाही. फोनची रेंज गेली. ओटिरा नावाची चार घरांची वस्ती मागं पडली आणि चढ सुरू झाला. पुढं तिथला प्रसिद्ध उंच पूल होता. दरीवरून खांबांवर चढत जाणारा. त्याचे फोटो मी सांगलीत सगळ्यांना दाखवले होते, या रस्त्यानं मी गाडी नेणार म्हणून.

पूल दिसायच्या आधीच गूळ करपला.

वास असा आला की जीभसुद्धा गोड झाली. पोटातून काहीतरी वर सरकत छातीशी आलं. डावीकडं खडीची मोकळी जागा दिसली. मी गाडी तिकडं घातली. ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवून बाहेर काढली. "वास येतोय," असं मी म्हणालो, किंवा म्हणायचं ठरवलं.

नंतर माझ्या दोन्ही हातांना कुणीतरी धरलं होतं. काचेबाहेर पोपटासारखा, पण दांडगा, हिरवट पक्षी बॉनेटवर उभा राहून वायपरचं रबर ओढत होता. तो कधी आला ते मला माहीत नव्हतं. किल्ली माझ्या हातात नव्हती. त्रिशला दोन सीटच्या मधल्या जागेत गुडघ्यावर बसली होती.

"आलात?" तिनं विचारलं.

काय झालं, बरं वाटत नाही का, असं तिनं विचारलं नव्हतं. गावाहून आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं होतं. हे तिनं आधी कितीतरी वेळा विचारलेलं होतं.

"किती वेळ?" मी म्हणालो.

"थोडाच. किल्ली तुम्हीच काढलीत."

"आणि पुलावर?"

तिनं माझे हात सोडले. बाहेर त्या पक्ष्याकडं बघितलं.

"पुलावर मी पट्टा सोडला," ती म्हणाली. "हात पोचत नव्हता."

मग तिनं सांगितलं. आवाज न चढवता, एखाद्या शेजारणीकडची हकीकत सांगावी तसं. पुलाच्या तोंडाशी माझी नजर थांबली. ओठ चघळल्यासारखे हलायला लागले. गाडीचा वेग कमी झाला नाही. तिनं पट्टा सोडून उजव्या हातानं स्टिअरिंग धरलं. सायकलवाल्यांनी पुलावरच्या पुलावर कठड्याला अंग चिकटवलं. तिनं गाडी जेवढी डावीकडं ओढता येईल तेवढी ओढली. डावीकडचा आरसा लोखंडाला घासतो की काय, इतकी. आरसा आणि लोखंड यांत बोटभर जागा उरली आणि ती माणसं उजवीकडून वीतभर अंतरानं गेली. तिनं पायानं ब्रेक शोधला. पण ती आमची शिकवायची गाडी नव्हती, तिच्या पायाखाली ब्रेक नव्हता.

"लागलं का कुणाला?"

"नाही. सायकल पडली. मी मागं वळून बघितलं. दोघंही उभी होती."

मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, दोघंही उभी होती. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली की एक बाई होती आणि एक माणूस, आणि ती बाई ओरडत होती, पण उभी होती.

मग मला राग आला. भीती फार झाली की मला राग येतो; त्या दिवसापर्यंत मी त्यालाच माझा स्वभाव समजत होतो. मी म्हणालो, हे तुला माहीत होतं आणि तू त्याच वेळी बोलली नाहीस, दीडशे किलोमीटर मला तसंच चालवू दिलंस?

"बोलले असते तर तुम्ही भांडला असता," ती म्हणाली. "चालत्या गाडीत. म्हणून थांबा थांबा म्हणत होते."

ते खरं होतं. मी भांडलोच असतो. मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, दिवाळीनंतर. आधी तिला वाटलं मी विचारात आहे. मग वाटलं थकलोय. तिसऱ्यांदा झालं तेव्हा तिनं जानेवारीतच म्हटलं होतं की न्यूझीलंड पुढं ढकलू, आधी एकदा तपासून घेऊ. त्यावर मी काय केलं होतं ते मला आठवत होतं. मी ताटावरून उठलो होतो आणि दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो.

"मी पण जोर केला नाही," ती म्हणाली. "माझ्या वडलांचं डोकं तपासलं आणि सात महिन्यांत ते गेले. तपासलं नसतं तर गेले नसते, असं कुठंतरी मनात बसलंय. वेडेपणा आहे, कळतं मला. पण म्हटलं, एवढी सहल होऊ दे. मी लक्ष ठेवीन. रस्त्यावर दुसरी माणसं असतात, हे मी धरलंच नव्हतं. मी फक्त तुमचं धरलं."

बारा दिवस मी तिला टोकत आलो होतो की एवढे डोंगर आहेत, सरोवरं आहेत, आणि तू बाहेर बघतच नाहीस. एका ठिकाणी तर मी चिडून म्हणालो होतो, माझं तोंड काय सांगलीत बघायला मिळत नाही? ते आता आठवलं आणि मला तिच्याकडं बघवेना.

थोड्या वेळानं ती उठली. गाडीची किल्ली तिच्या ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधलेली होती.

"सरका," ती म्हणाली. "मी चालवते."

मी म्हणालो, तुझ्याकडं परमिट नाही, विमा नाही, ही गाडी सात मीटर लांब आहे आणि पुढं घाट आहे. तिनं पर्समधून आंतरराष्ट्रीय परमिट काढून माझ्या मांडीवर ठेवलं. त्याच्यावर तिचा फोटो होता. आरटीओतले सगळे मला ओळखतात. तिथं जाऊन हिनं हे काढलं आणि कुणी मला बोललं नाही. शबाना मॅडम म्हणून माझ्याच स्कूलमधल्या शिक्षिका, त्यांच्याबरोबर ती दीड महिना पहाटे माळबंगल्याच्या रस्त्यावर गाडी चालवत होती आणि मला सांगत होती, फिरायला जाते. गाडी घेताना मी टायर बघत बाहेर उभा होतो, तेव्हा आत काउंटरवर तिनं दुसरी चालक म्हणून सही केली होती.

मी सरकलो.

ती बसली. सीट पुढं घेतली, आरसे जुळवले. तिनं किल्ली फिरवायच्या आधी मी तोंड उघडलं.

"आज काही शिकवू नका," ती म्हणाली.

पुढचे तीन तास मी कसे काढले ते मला नीट सांगता यायचं नाही. त्या उंच पुलावर गाडी चढली तेव्हा खिडकीखाली नुसती हवा होती आणि तळाशी पांढरी रेघ, ती नदी. माझा उजवा पाय आपोआप दाबला जात होता. अठ्ठावीस वर्षं मी शिकवणाऱ्याच्या सीटवर बसलो होतो, पण त्या सीटला ब्रेक असायचा. मी रबरी चटईवर पाय रोवून बसलो होतो आणि ती चटई पुढं सरकून गोळा झाली होती. वळणावर ती थोडी रुंद जात होती. मला ते दिसत होतं, जिभेवर शब्द येत होते, मी ते गिळत होतो.

पण तिच्या गाडी चालवण्याची भीती थोडीच होती. जास्त भीती माझी होती. मला पुन्हा ते झालं आणि त्या अवस्थेत माझा हात जुन्या सवयीनं स्टिअरिंगकडं गेला तर? अठ्ठावीस वर्षं मी शेजारच्या सीटवरून लोकांचं स्टिअरिंग ओढत आलो होतो. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसलो. बोटांना मुंग्या आल्या, मग बोटं कळेनाशी झाली, तरी काढले नाहीत. दर मिनिटाला मी नाकानं हुंगत होतो. गाडीत डिझेलचा वास येत होता, तिच्या डोक्याच्या तेलाचा येत होता. गुळाचा येत नव्हता. येत नाही म्हणजे येणार नाही असं नव्हतं.

घाटमाथ्यावरच्या गावात रेंज आली. तिनं गाडी बाजूला घेऊन व्हॅनवाल्यांना फोन लावला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की नवरा आजारी आहे, मी चालवते आहे, उशीर होऊ शकेल. पलीकडच्या बाईनं तिला हॉस्पिटलचा पत्ता दिला आणि गाडीची काळजी करू नका असं सांगितलं. त्रिशलानं फोन ठेवला. तिचे हात इतके थरथरत होते की तिनं ते दोन मिनिटं काखेत दाबून धरले, मग पुन्हा गाडी सुरू केली. ती घाबरली नसेल असं मला आतापर्यंत वाटत होतं.

पावणेचारला आम्ही ख्राइस्टचर्चच्या डेपोत पोचलो. तिनं गाडी दोन रेषांच्या मधे उभी केली, एका झटक्यात नाही, तीनदा मागंपुढं करून. तिथल्या बाई कागद घेऊन गाडीभोवती फिरल्या. डावीकडच्या आरशावर बोटभरही ओरखडा नव्हता. मी तोच बघत होतो.

पुढचं आधी थोडक्यात सांगतो. सकाळचं विमान गेलं. आम्ही तिथं आणखी अकरा दिवस राहिलो. डोक्याच्या उजव्या बाजूला, कानाच्या वर, आतल्या आवरणाला लागून गाठ निघाली, पेरूएवढी. कित्येक वर्षांची असावी म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या, वास यायचा थांबला, विमानाची परवानगी मिळाली. ऑपरेशन मिरजेत झालं. गाठ साधी होती. मी आहे, हे दिसतंच आहे. स्कूल शबाना मॅडम चालवतात, पाटीवर नाव अजून माझंच आहे. डॉक्टरांनी तिसऱ्या वर्षी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून लिहून दिलं. तो कागद कपाटात आहे. मी चालवत नाही.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं.

हॉस्पिटलमध्ये एक उंच, पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला तपासलं, दिव्याकडं बघायला लावलं, नाकाला बोट लावायला लावलं. मग मला काय होतं ते विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही, त्या वेळी मी नसतो. त्यांनी त्रिशलाला विचारलं. त्रिशलानं पर्समधून एक छोटी वही काढली. आमच्या घरी दुधाचा हिशोब लिहायला असते तसली वही. तिच्यात तिनं तारीख, वेळ, मी कुठं होतो, काय करत होतो, किती सेकंद, असं सगळं लिहून ठेवलं होतं. मराठीत. तिला ते इंग्रजीत सांगता येईना. तेव्हा डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, तुम्ही सांगता का?

म्हणजे ती वाचणार आणि माझं मला काय झालं ते मीच त्यांना सांगणार.

वहीत एकूण दहा झटके होते. पहिला, भाकरीचा तुकडा हातात धरून, वीस सेकंद. मी सांगितलं. दुसरा, ऑफिसात एका विद्यार्थ्याचा फॉर्म भरताना. पेन कागदावर टेकलेलं राहिलं आणि शाईचा डाग पडला. तिला शबाना मॅडमनी सांगितलं होतं. तेही मी सांगितलं. तिसरा, संक्रांतीला पाहुण्यांसमोर. दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगतोय असं वाटत होतं.

"चार," त्रिशलानं वाचलं. "जानेवारीतला तिसरा रविवार. सन्मती आली होती." मग ती थांबली.

सन्मती आमची मुलगी. एकुलती एक. पुण्यात नोकरी करते.

"वाच," मी म्हणालो.

"सन्मतीनं लग्नाचं सांगितलं," तिनं वाचलं. "ऐकत असल्यासारखे बसले. तिच्याकडं बघत होते. ओठ हलत होते. चाळीस सेकंद. मग उठून टाकीची मोटर लावायला गेले."

डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघत थांबल्या. मी इंग्रजी शोधत होतो, पण मला मराठीसुद्धा मिळत नव्हतं.

सन्मतीनं मला लग्नाचं सांगितलेलं नव्हतं. मला तरी नव्हतं. एवढंच माहीत होतं की त्या रविवारपासून ती फोन आईला करते, मला करत नाही. मी मनात धरलं होतं की पोरगी शहाणी झाली, बाप जुना झाला. आणि तिच्याकडून बघितलं तर तिनं दोन वर्षं धीर गोळा करून बापाला सांगितलं, आणि बापानं तिच्या तोंडाकडं बघितलं, काहीतरी चघळल्यासारखं केलं, आणि उठून मोटर लावायला गेला.

मी त्रिशलाला म्हणालो, हे तू मला सांगितलं नाहीस. ती म्हणाली, हे सांगायचं तर तुम्ही मधेच नसता, ते पण सांगावं लागलं असतं. सन्मतीला तिनं एवढंच म्हटलं होतं की बाबांना थोडा वेळ दे.

डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं की चौथा चाळीस सेकंदांचा होता. बाकीचे सहा त्रिशलानं वाचले, मी सांगितले. शेवटच्या दोहोंत पूल होता आणि ती खडीची जागा होती. त्या दोन्हींपुढं सेकंद लिहिलेले नव्हते.

त्यांनी मला एका खोलीत पलंगावर झोपवलं. खिडकीबाहेर अजून ऊन होतं. पुण्यात सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी त्रिशलाकडं फोन मागितला. ती म्हणाली, सगळं आताच सांगू नका, पोर घाबरेल. मी म्हणालो, सांगणार नाही, विचारणार आहे.

आईचा फोन म्हणून सन्मतीनं लगेच उचलला. माझा आवाज ऐकून ती थांबली. ऑफिसातले आवाज येत होते, मग दार लावल्याचा आवाज आला.

"सन्मती," मी म्हणालो, "जानेवारीत तू मला काहीतरी सांगितलंस. ते मला ऐकू गेलं नव्हतं. पुन्हा सांगशील?"

ती म्हणाली, "ऐकू गेलं नव्हतं म्हणजे?"

"म्हणजे खरंच गेलं नव्हतं. का ते नंतर सांगतो. तू आधी सांग."

ती सांगायला लागली. आधी थांबत थांबत, मग भराभर. त्याचं नाव अंतोन. वसईचा. तिच्याच कंपनीत. आपल्यातला नाही बाबा, ती म्हणाली, ख्रिश्चन आहे, आणि तिथं तिचा आवाज चिरकला. एरवी मी तिथंच बोललो असतो. काय बोललो असतो ते मला चांगलं माहीत आहे. पण त्या वेळी माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, की ती बोलतेय तोवर मी जाता कामा नये. डावा हात पलंगाच्या गार दांडीला घट्ट धरून मी प्रत्येक शब्द मागच्या शब्दाला लागून येतोय ना, मधे काही गळत नाही ना, हे बघत होतो. नाकात फिनेलचा वास होता. नुसता फिनेलचा. त्याच्या आईबद्दल तिनं सांगितलं, त्यांच्या घराबद्दल, दोघांनी किती वाट बघायची ठरवली त्याबद्दल. मग ती एकदम गप्प झाली.

"बाबा?" ती म्हणाली. "आहात ना?"

"आहे," मी म्हणालो. "पुढं सांग."